चारशे सत्तावीसचा बिल्ला

२ एप्रिल २०१६, शनिवार

डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे की डोकं फिरलं तर ओरडायचं नाही, वहीत लिहायचं. रक्तदाब एकशे सत्तरवर गेला, त्यावर हा उपाय. औषधाच्या गोळीपेक्षा वही स्वस्त असते म्हणाल्या. तर घ्या, लिहितो.

आज कोठाराचं दार उघडून बाबांची गाडी बाहेर ओढली. सदुसष्टची इम्पाला, दोन दारांची, निळी. म्हणजे पूर्वी निळी. बहात्तर सालच्या हिवाळ्यात दुधाच्या ट्रकनं चालकाच्या बाजूला धडक दिली आणि तेव्हापासून ती आत पडून आहे. बाबांनी दाराचा खांब स्वतःच ठोकून सरळ केला, वर जोडकाम केलं, पण रस्त्यावर काही आणली नाही. कबुतरांनी छपरावर चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय. बॉनेट उचललं तर आत मोकळं पटांगण. इंजिन बाबांनी तेव्हाच काढून विकलं. कुणाला विकलं विचारलं की ‘ओहायोच्या एका माणसाला’ एवढंच सांगायचे.

माझं म्हणणं साधं आहे. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बाबांना या गाडीत बसवायचं. बॉनेटखाली तेच इंजिन हवं, चारशे सत्तावीस घनइंचांचं. तो आवाज कानावर पडला की ते मला ओळखतील. नाताळपासून ते मला ‘मिस्त्री’ म्हणतात. माझ्या हाताला ग्रीस असतं म्हणून असेल. ‘मिस्त्री, त्या नळाचं काय झालं?’ सत्तावन्न वर्षांचा त्यांचा एकुलता एक मुलगा मी, आणि मी नळ दुरुस्त करायला आलोय. डॉक्टर म्हणतात बाबांचं हृदय थकलंय, हा उन्हाळा निघाला तर निघाला. म्हणजे माझ्याकडे तीन महिने आहेत.

५ एप्रिल, मंगळवार

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं माहितीपत्रक सापडलं. इंजिनांचं पान चिकटलं होतं, वाफ देऊन सोडवलं. अडीचशेचं सहा सिलिंडरी, मग आठ सिलिंडरी दोनशे त्र्याऐंशी, तीनशे सत्तावीस, तीनशे शहाण्णव आणि सगळ्यात शेवटी चारशे सत्तावीस. ही यादी मला पाढ्यांसारखी पाठ होती. जेवणाच्या टेबलावर बाबा हे पान उघडून बसायचे आणि मी त्यांच्या मांडीवर बसून मोठ्यानं वाचायचो. चारशे सत्तावीसभोवती पेन्सिलीनं गोल केलाय. गोल अगदीच वाकडातिकडा आहे, बाबा घाईत असावेत. पण पुरावा तो पुरावा.

तिसरीत असताना बाईंनी विचारलं, कुणाच्या घरी नवीन काय आलं? मी उभा राहून सांगितलं, आमच्याकडे चारशे सत्तावीस. पिकन्सांचा रॉजर फिदीफिदी हसला, म्हणाला तुझ्या गाडीवर तर काही लिहिलेलं नाही, थापा मारतोस. मी रडत घरी आलो आणि जेवताना सगळं बोलून टाकलं. शनिवारी रॉजर सायकल मारत खात्री करायला आला, तर मडगार्डवर लखलखीत बिल्ला, ४२७! तोंड बघण्यासारखं झालं होतं. बॉनेट तेवढं बाबांनी उघडलं नाही, इंजिन गरम आहे म्हणाले.

तसं ते कधीच उघडत नसत. हे मला अजून खुपतं. बाकीचे बाप पोरांना बॉनेटखाली उभं करून पाना धरायला शिकवायचे. आमचे मला घरात पिटाळायचे. ‘ड्वेन, आईला मदत कर जा.’ कुठल्या जन्मीचं वैर होतं कोण जाणे. तेव्हा शिकवलं असतं तर आज सत्तावन्नाव्या वर्षी पुस्तकं उघडून बसावं लागलं नसतं.

१६ एप्रिल, शनिवार

इंजिन मिळालं! ओहायोतच मिळालं, हेही बघा. तिथल्या एका भंगारवाल्याकडे सदुसष्टचं चारशे सत्तावीस होतं, त्याला हवी होती मासेमारीची बोट. माझी बोट तो घेऊन गेला. ती जाताना बघवलं नाही, म्हणून मी आत जाऊन भांडी घासत बसलो. चार दिवसांपूर्वीच घासलेली होती.

लोरेटाला फोन करून सांगितलं. ही माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी, आणि गेली पन्नास वर्षं साठ वर्षांनी मोठी असल्यासारखी बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बोट तरी तरंगत होती रे.

१७ एप्रिल, रविवार

बाबांकडे गेलो. वृद्धाश्रमातलं जेवण म्हणजे उकडलेल्या कशावर तरी ओतलेलं पांढरं काहीतरी. त्यांनी दोन घास खाल्ले. उजव्या हाताचा चाळा वाढलाय. हात हवेत उचलतात, छातीकडे ओढून खाली नेतात, मग पुढं ढकलून वर, मग सरळ खाली. पुन्हा पहिल्यापासून. तिथली काळजी घेणारी बाई म्हणते टेबल पुसतात. मला तर कंप वाटतो. हात धरून थांबवला तर रागानं सोडवून घेतला. ‘मिस्त्री, चढ आलाय,’ म्हणाले.

मीही चढ आला म्हटलं.

२३ एप्रिल, शनिवार

सत्यानाश.

ओतकामाच्या भट्टीवर मी एकतीस वर्षं काढली. लोखंडात ओतलेली तारीख वाचायला मला चष्मा लागत नाही. इंजिन धुतलं आणि मागच्या बाजूला तारीख उघडी पडली, बावीस ऑगस्ट सदुसष्ट. आमची गाडी एप्रिलमध्ये बनली. म्हणजे गाडी आधी जन्मली आणि तिचं काळीज चार महिन्यांनी. बोट गेली ती गेलीच.

मर्लला बोलावलं. मर्ल हा आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा मुख्य परीक्षक. बहिर्गोल भिंग खिशात घेऊन फिरतो आणि लोकांच्या बायकांपेक्षा त्यांच्या गाड्यांचे नट जास्त ओळखतो. त्यानं इंजिनाकडे पाहिलंच नाही. गाडीच्या मालकीचा कागद मागितला आणि क्रमांकावर भिंग धरलं. म्हणाला, तिसऱ्या जागी तीन आहे. विषम आकडा म्हणजे सहा सिलिंडरांची गाडी. आठ असते तर तिथे चार असता.

मी म्हटलं, कारकुनानं चुकीचं टंकलं असेल. तो म्हणाला, असेल. मग गाडीवरची क्रमांकाची पाटी बघू. पाटी कुठली? ती दाराच्या खांबावर होती, खांब ठोकताना गेली. ‘असेल’ हा शब्द त्यानं ज्या तोंडानं उच्चारला ते तोंड मला पाना मारून सरळ करावंसं वाटलं. वहीत लिहितोय, मारला नाही.

७ मे, शनिवार

मडगार्डं घासली. दोन्ही बाजूंचे बिल्ले काढले. आतली भोकं बघा! डावीकडची दोन एका रेषेत नाहीत, उजवीकडचं एक चक्क दोनदा पाडलंय. कारखान्यात त्या दिवशी कोण कामावर होतं देव जाणे, प्यायलेला होता हे नक्की. मर्ल नुसता ‘हं’ म्हणाला. त्याच्या एका ‘हं’पेक्षा शिवी परवडली.

८ मे, रविवार

मातृदिन. लोरेटाकडे जेवायला. आईचा फोटो, चिकन, शेवयांचं सूप, मक्याचा पाव. जेवणानंतर तिच्या कोठारात लाकडं कापून दिली. तिच्या नवऱ्याचं, हर्बचं, करवतयंत्र अजून चालतं. हर्ब जाऊन नऊ वर्षं झाली. पट्ट्याला जोडलेलं ते कुठल्यातरी जुन्या गाडीचं सहा सिलिंडरी इंजिन, तेलकट डबडं, पण एका झटक्यात चालू झालं आणि शिवणयंत्रासारखं चालत राहिलं. माझ्या नशिबाला मात्र चार महिने उशिराचं इंजिन.

लोरेटा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘ड्वेन, गाडी आहे तशी रंगव आणि बाबांना नुसतं आत बसव. इंजिन राहू दे.’ मी म्हटलं, बिनइंजिनाच्या गाडीत बसवून काय करू, ढकलू? ती वाद अर्धा सोडून घरात निघून गेली. ती असं कधी करत नाही.

२१ मे, शनिवार

दोन आठवड्यांत एक गोष्ट सरळ झालेली नाही. इंजिन आत सोडलं तर पुढच्या स्प्रिंगा बसल्या, गाडीनं नाक जमिनीला टेकवलं. रेडिएटर हातरुमालाएवढा. इंजिन जिथे टेकतं त्या जागा जुळत नाहीत. स्टिअरिंगवर गिअरचा दांडा आहे, तो कुणीतरी मागाहून लावलेला असणार म्हणून काढून खिळ्याला टांगला. कोण कुणीतरी? विचारू नका. स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्यात, म्हाताऱ्यांचं काय, बसायचंच.

मर्ल उकिडवा बसून सगळं पाहत होता. शेवटी म्हणाला, ‘ड्वेन, गाडी तुला काहीतरी सांगतेय.’

मी सांगितलं, तुझं भिंग उचल आणि चालू लाग.

४ जून, शनिवार

लिहायला हात होत नाही, पण डॉक्टरीणबाई वही तपासतात की काय कोण जाणे.

इंजिन कसंबसं बसवलं, चालू झालं. काय आवाज! छातीत धडधडतं. मला राहवलं नाही, महिनाभर थांबायचं कशाला म्हणून बाबांना चाकाच्या खुर्चीतून कोठारात आणलं. खुर्ची गाडीपुढे लावली आणि किल्ली फिरवली.

बाबांनी दोन्ही कान झाकले. तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. मी बंद केलं, जवळ गेलो, म्हटलं बाबा, चारशे सत्तावीस. ते म्हणाले, ‘कुणाचं यंत्र आहे हे? घरी चला. बायको वाट बघत असेल.’

आई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना परत पोचवलं. गाडीत परत येताना मी रडलो. लिहायचं म्हटलंय तर हेही लिहितो.

११ जून, शनिवार

मागची सीट उसवायला घेतली. स्प्रिंगांमध्ये एक कागद दडपलेला. असे कागद असतात हे मर्लकडून ऐकलं होतं. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर तिचा कागद फिरायचा, कुठल्या गाडीला काय लावायचं त्याचा, आणि काम संपलं की कामगार तो सीटच्या स्प्रिंगांत खुपसून मोकळे व्हायचे. क्लबातले लोक या कागदासाठी जीव टाकतात. उंदरांनी पाऊण कागद खाल्लाय आणि नेमका इंजिनाचा चौकोन ठेवलाय. मी तो चार वेळा वाचला.

सहा सिलिंडर, अडीचशे. तीन गिअर, दांडा स्टिअरिंगवर.

यादीतलं सगळ्यात पहिलं. सगळ्यात स्वस्त.

१२ जून, रविवार

सकाळीच लोरेटाकडे धडकलो. कागद टेबलावर आपटला. ती पोळ्यांसारखे पॅनकेक उलटत होती, उलटत राहिली. म्हणाली, बस, खाऊन घे.

मी म्हटलं, तुला माहीत होतं.

माहीत होतं. सगळं माहीत होतं. इंजिन ओहायोला वगैरे गेलंच नाही. बहात्तरला हर्बशी तिचं लग्न झालं तेव्हा बाबांनी ते हर्बला दिलं, तेच करवत चालवतंय. महिन्याभरापूर्वी मी त्याच इंजिनावर तिची लाकडं कापली आणि त्याला डबडं म्हणालो. बिल्ले बाबांनी दुकानातून वेगळे आणले आणि हातड्रिलनं स्वतः बसवले. ‘मी कंदील धरला होता,’ म्हणाली. ‘ड्रिल टेकवायचे, उचलायचे, पुन्हा टेकवायचे. घासून पुसून वापरणारा माणूस, नव्या गाडीला भोकं पाडत होता. उजवीकडचं चुकलं तेव्हा आई खिडकीतून ओरडली.’

का पण? मी विचारलं. तिनं पुढचा पॅनकेक ताटात टाकला. म्हणाली, का ते त्यांनी मला सांगितलं नाही, फक्त कुठे बोलू नकोस म्हणाले, म्हणून बोलले नाही. तू आठवून बघ.

काय आठवू? मला सगळं आठवतंय. केशकर्तनालयात लोक बाबांना विचारायचे, काय व्हर्जिल, गाडी वाढून चारशे सत्तावीसची व्हायची वाट बघतोस का, आणि सगळे खिदळायचे, बाबाही खिदळायचे. मला वाटायचं हळू चालवतात म्हणून हसतात. चौकात शेजारी कुणी गाडी घोंगावत उभी केली की बाबा हातानं ‘जा बाबा पुढे’ म्हणायचे आणि मी सीटमध्ये खाली सरकायचो. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आवाजावरून कुणालाही कळलं असतं. एक मीच गाढव. खोटा बिल्ला लावून मिरवायची हौस होती तर निदान मला तरी खरं सांगायचं! उगाच नाही बॉनेटपासून हाकलत होते.

पॅनकेक खाल्ले नाहीत.

१३ जून, सोमवार

बिल्ले खिळ्यांच्या डब्यात टाकले. भोकं बुजवून टाकणार आहे.

१९ जून, रविवार

पितृदिन. गेलो नाही.

२१ जून, मंगळवार

वृद्धाश्रमातून फोन. बाबांना दम लागतोय, जेवण जवळजवळ सोडलंय. डॉक्टर म्हणाले, यायचं तर येत राहा. रविवारी मी कोठारात बसून बिअर पीत होतो आणि भोकांकडे बघत होतो. भोकं बुजवायचा लगदा डब्यातच वाळून गेला. माझ्यासारख्या माणसाला रागसुद्धा वेळेवर संपवता येत नाही.

संध्याकाळी जाऊन आलो. ते झोपले होते. झोपेतसुद्धा हात चालू होता. छातीकडे ओढून खाली, पुढं ढकलून वर, सरळ खाली. खिळ्याला टांगलेला दांडा मला तिथे उभ्या उभ्या दिसला. दोन महिने मी त्याला कंप म्हणत होतो.

२५ जून, शनिवार

मर्लला फोन केला. माफी मागायचं मनात होतं, तोंडातून निघालं, ‘मोकळा आहेस का?’ तो म्हणाला, भिंग आणू का? आला. आम्ही दोघांनी ते चारशे सत्तावीस बाहेर काढलं आणि लोरेटाच्या कोठारातून अडीचशे आणलं. इंजिनाच्या कडेला ठोकलेली दोन अक्षरं आणि सीटमधल्या कागदावरची दोन अक्षरं तीच. मर्लनं टोपी काढली. देवळात काढावी तशी.

आत सोडलं. टेकण्याच्या जागा जुळल्या, रेडिएटर पुरला, स्प्रिंगा जागच्या जागी राहिल्या. गिअरची पेटीही हर्बनं टाकली नव्हती, खिळ्यावरचा दांडा परत स्टिअरिंगवर गेला. तीन महिने मी ज्या गाडीशी भांडत होतो तिला तासाभरात काही तक्रार उरली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त वाटत होतं की या माणसानं मला इतकी वर्षं का फसवलं.

‘माझ्या लाकडांचं काय?’ असं लोरेटा एकदाही म्हणाली नाही.

४ जुलै, सोमवार

मिरवणूक दहाला होती. आम्ही गेलोच नाही. बाबांना गर्दी झेपणार नाही असं लोरेटा म्हणाली आणि या वेळी मी ऐकलं. नऊ वाजता त्यांना वृद्धाश्रमाच्या मागच्या दारानं आणलं. गाडी सावलीत उभी होती, नवा निळा रंग, मडगार्डावर बिल्ल्यांच्या जागी उघडी भोकं.

मी आणि तिथल्या बाईनं त्यांना चालकाच्या शेजारी बसवलं. लोरेटा मागे. किल्ली फिरवली. ते शिवणयंत्र सुरू झालं.

बाबांनी मान वर केली. जून महिन्यात ऐकलेल्या आवाजाला कान झाकणारा माणूस हा नव्हे. बोटांनी दारावर ताल धरला. मी क्लच दाबला आणि त्यांचा हात आला. माझ्या हाताखालून सरळ दांड्यावर. छातीकडे ओढून खाली, पहिला. मी क्लच सोडला. धान्याच्या कोठाराच्या रस्त्यावर मी क्लच दाबत होतो आणि ते गिअर टाकत होते, एकदाही करकरलं नाही. चढ आला तेव्हा त्यांनी स्वतःहून खालचा टाकला. मागे लोरेटा नाक शिंकरत होती.

मक्याच्या शेतापाशी थांबवली. म्हटलं, बाबा, ओळखलंत? तीन महिने एवढ्याचसाठी मर मर मेलो होतो.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. नखांत ग्रीस होतं.

‘मिस्त्री,’ म्हणाले. ‘छान चालते.’

मी मान हलवली. संपलं म्हटलं. एवढंच मिळायचं होतं.

मग ते माझ्याकडे झुकले. मागे वळून पाहिलं, कुणी ऐकतंय का, आणि हळूच बोलू लागले. ‘मडगार्डाचा बिल्ला काढलात तुम्ही. तो तेवढा परत बसवा. आणि इंजिनाचं आमच्या ड्वेनला काही बोलू नका. बॉनेट त्याच्यासमोर उघडू नका. त्यानं शाळेत सांगून ठेवलंय. पोरगं खोटं पडेल.’

मला काही दिसेनासं झालं. शेत, रस्ता, काही नाही. मी म्हटलं, ‘नाही बोलणार.’

‘शब्द द्या.’

‘दिला.’

त्यांनी समाधानानं मान टेकवली आणि हात दांड्यावर ठेवला. मी क्लच दाबला.

आत्ता कोठारात आलोय. बिल्ले खिळ्यांच्या डब्यातून काढून पुसले. उजवीकडचा बसवला की ते चुकलेलं भोक नीट झाकलं जातं. मर्ल बघायला आला, म्हणाला, सहा सिलिंडरांवर हा बिल्ला म्हणजे क्लबात दहा गुण कापले जातील. मी म्हटलं, काप.